थकलेल्या पेशींचा मार्च

परवा सकाळी कचऱ्याचा डबा रस्त्याकडेला ठेवायला बाहेर पडले, तर शेजारच्या अंगणातल्या मेपलच्या मोडक्या फांदीतून थेंब गळत होते. खालच्या मळकट बर्फात त्या थेंबांनी बोटभर खोल भोक पाडलं होतं. मी हातमोजा काढला, एक थेंब तळव्यावर घेतला आणि चाटून पाहिला. रस्त्यावर कुणी नव्हतं म्हणून बरं. चव जवळजवळ पाण्याचीच. गोडी खरंच आहे की आपल्यालाच तसं वाटतंय, अशी शंका यावी इतपत. म्हणजे रस सुटला. हॅमिल्टनमध्ये मार्च आला.

इथल्या मार्चला सुंदर म्हणणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. पाच महिन्यांचा बर्फ कडेकडेनं काळा पडलेला असतो. बुटांवर रस्त्यावरच्या मिठाचे पांढरे डाग, गाडीचे विंटर टायर्स काढावेत की राहू द्यावेत यावर घराघरांत वाद. खाली सरोवराच्या काठाला पोलादाच्या कारखान्यांचा धूर, आणि वर तो उंच कडा, ज्याला इथले लोक मोठ्या कौतुकानं ‘माउंटन’ म्हणतात. मी नागपूरची. डोंगरांच्या बाबतीत आम्हाला बोलायचा अधिकार नाही, पण या डोंगराला मीसुद्धा हसते. तरीही हा महिना आला की मी उगाचच खिडकीशी उभी राहते. रात्री उणे पाच आणि दिवसा अधिक पाच असं तापमान दिसलं की जिवाला बरं वाटतं. झाडाला रस सोडायला असंच लागतं, रात्री गोठणं आणि दिवसा वितळणं. नुसती थंडी असेल तर थेंबही येत नाही, आणि ऊब एकदा येऊन कायमची राहिली तर आठवड्याभरात सगळा हंगाम आटोपतो.

सहा वर्षांपूर्वीच्या मार्चमध्ये माझे बाबा इथे होते.

आई जाऊन तीन वर्षं झाली होती आणि बाबा नागपूरच्या घरात एकटे राहत होते. पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक म्हणून सगळी नोकरी त्यांनी सायकलवर आणि पुढे स्कूटरवर कालव्याच्या कडेकडेनं केलेली. निवृत्त झाले तरी चालताना नजर खाली, गळती शोधणारी. ऑक्टोबरात सहा महिन्यांसाठी आले ते दोन सुटकेसेस आणि एक स्टीलचा डबा घेऊन. डब्यात सहा महिन्यांच्या मधुमेहाच्या गोळ्या, वाराप्रमाणे पुड्या बांधून. अठरा वर्षांचा मधुमेह होता. नागपूरच्या डॉक्टरांनी वर्षभरापूर्वीच सांगितलं होतं की आता गोळ्यांनी भागणार नाही, इन्शुलिन सुरू करा. बाबांनी ऐकून घेतलं, नमस्कार केला आणि डॉक्टर बदलला.

इथे आल्यावर चौथ्या दिवशी मी इथल्या मीटरवर त्यांची साखर तपासली. आकडा आला सतरा. बाबांचा चेहरा असा खुलला की विचारू नका.

“सतरा! नागपुरात तीनशेच्या खाली येत नव्हती. हवा पाहा न इथली!”

त्यांनी फोनकार्डावरची पाच मिनिटं खर्चून शेजारच्या काकांना नागपुरात ही बातमीसुद्धा दिली. मला त्यांचा आनंद मोडवेना. शेवटी रात्रीचं जेवण झाल्यावर सांगितलं, की इथे मोजण्याचं माप वेगळं आहे, आपला आकडा हवा असेल तर अठरानं गुणायचं. बाबांनी डोळे क्षणभर मिटले. पाढे त्यांना तिसापर्यंत पाठ.

“तीनशे सहा,” ते म्हणाले, आणि ताट उचलून सिंककडे गेले.

तेव्हा मी इथल्या विद्यापीठात संशोधन करत होते. विषय होता इन्शुलिन बनवणाऱ्या पेशींमधलं कॅल्शियम. बाबांनी नागपुरात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की शुभा हाडांवर संशोधन करते. त्यांची चूक नव्हती. कॅल्शियम म्हटलं की लोकांना हाडं, दात, दूध आणि बायकांनी चाळिशीनंतर घ्यायच्या गोळ्या एवढंच आठवतं. पण तेच कॅल्शियम स्वादुपिंडातल्या त्या इवल्याशा पेशींमध्ये निरोप्याचं काम करतं. रक्तात साखर वाढली की पेशीच्या भिंतीतली दारं उघडतात, बाहेरचं कॅल्शियम आत धावतं, आणि ते आत आलं की पेशी साठवलेलं इन्शुलिन बाहेर सोडते. काम झालं की पेशी ते कॅल्शियम पुन्हा उपसून बाहेर टाकते किंवा आतल्या कोठारात भरून ठेवते. मग पुन्हा दारं उघडतात. असं येणं आणि जाणं चाललेलं असतं. येणं तर हवंच, त्याच्याशिवाय पेशी हलत नाही. पण आलेलं कॅल्शियम गेलंच नाही, ठाण मांडून बसलं, तर तेच पेशीला आतून पोखरतं. पेशी आधी थकते, मग ऐकेनाशी होते, आणि शेवटी मरते. माझ्या आयुष्याची सहा वर्षं या तीन वाक्यांत गेली आहेत.

बाबा घेत होते ती गोळी माझ्या लॅबच्या शेल्फवर एका तपकिरी बाटलीत पावडरच्या रूपात होती. ती गोळी काय करते हे मला स्वतःच्या हाताइतकं ठाऊक होतं. साखर आलेली असो की नसो, ‘साखर आली’ असं ती पेशीला सांगते. पेशी बिचारी भाबडी. दारं उघडते, कॅल्शियम आत घेते, इन्शुलिन सोडते. पेशींमध्ये दम असेतो ही युक्ती चालते. अठरा वर्षं चालली होती.

आणि दिवसभर इन्शुलिनच्या पेशींशी बोलणाऱ्या बाईच्या घरात एक माणूस इन्शुलिनचं नाव काढलं की उठून गॅलरीत जात होता.

जानेवारीत नव्या स्नो बुटानं त्यांच्या उजव्या पायाच्या करंगळीला फोड आला. साधा फोड, चण्याएवढा. आठ दिवसांत भरायला हवा होता. फेब्रुवारी संपला तरी भरला नाही, उलट कडेनं काळपट दिसायला लागला. इथले आमचे डॉक्टरकाका, एकोणीसशे सत्तरच्या सुमारास भारतातून आलेले, आता निवृत्त, मराठी मंडळाच्या गणपतीत निम्म्या लोकांचं बीपी तेच बघायचे. त्यांनी घरी येऊन पाय पाहिला आणि बाबांच्या समोरच सांगितलं, “साखर खाली आली नाही तर ही करंगळी काढावी लागेल. आणि करंगळीवर थांबेल असं मी म्हणत नाही. इन्शुलिन सुरू करा, साहेब.” काकांनी माझ्या फॅमिली डॉक्टरशी बोलून सगळं ठरवूनही दिलं. दुसऱ्या दिवशी इन्शुलिनचं पेन आमच्या फ्रिजमध्ये, अंड्यांच्या शेजारी येऊन बसलं. तिथेच बसून राहिलं.

“सुई लागली की संपलं, शुभा. दादाचं काय झालं, पाहिलं न तू?”

दादा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ, माझे मोठे बाबा. दवाखान्यात शेवटच्या महिन्यात त्यांना इन्शुलिन दिलं होतं. डॉक्टर रोज म्हणायचे, नक्की बरे होणार. झाले नाहीत. तेव्हापासून आमच्या घरात ‘इन्शुलिन लागलं’ हे वाक्य हळू आवाजातच बोललं जातं.

“बाबा, मोठे बाबा आधीच खूप सिरियस होते. इन्शुलिन शेवटी दिलं, म्हणून इन्शुलिननं शेवट झाला असं नसतं.”

“तू शिकलेली आहेस बाप्पा. मी काय बोलू?”

हे वाक्य म्हणजे त्यांचं झाकण होतं. ते एकदा बसवलं की आतलं काही बाहेर येत नसे. मी हात टेकले होते. पण रोज संध्याकाळी कोमट पाण्यानं तो पाय धुताना, सुक्या कापडानं बोटांच्या बेचक्या टिपताना, मला रडू यायचं आणि मी मान खाली घालून ते लपवायची. ज्या पायांनी या माणसानं मैलोन् मैल कालवे चालून काढले, त्यातली एक करंगळी माझ्या घरात, माझ्या डोळ्यांदेखत काळी पडत होती.

मार्च ब्रेक आला. शाळांना आठवड्याची सुट्टी. माझी मुलगी रेवा तेव्हा सात वर्षांची होती, आणि शाळेतल्या सगळ्यांनी शुगर बुश पाहिलंय, मीच नाही, असा तिचा धोशा होता. शुगर बुश म्हणजे मेपलचं रान, जिथे रस गोळा करून आटवतात आणि शेवटी पॅनकेकवर ताजा पाक ओतून खायला देतात. शनिवारी आम्ही निघालो. नवरा, मिलिंद, गाडी चालवत होता. मी आणि बाबा वाटेत इन्शुलिनवरून पुन्हा भांडलो होतो, आणि दोघंही आपापल्या खिडकीबाहेर बघत होतो.

रान मात्र असं होतं की राग धरून ठेवणं कठीण. उघडी झाडं, गुडघाभर बर्फ, प्रत्येक बुंध्याला एक बादली टांगलेली आणि तीत टप टप असा आवाज. इतक्या बादल्यांचा तो आवाज एकत्र ऐकला की सगळं रान हळू आवाजात काहीतरी मोजतंय असं वाटायचं. रस आटवणारी एक उंच, लाल गालांची बाई आम्हाला घेऊन फिरत होती. चाळीस बादल्या रस आटवला की एक बादली पाक, असं ती म्हणाली. बाबांनी रेवाकडून भाषांतर करून घेतलं.

“आजोबा, शी सेज् फॉर्टी बकेट्स फॉर वन.”

“उसाचं बरं मग,” बाबा म्हणाले. तेवढंच. पुढे ते बोललेच नाहीत.

मला वाटलं रुसलेत. आमच्या घरात रुसण्याचा मक्ता त्यांचाच. मी मुद्दामच लक्ष दिलं नाही. पॅनकेकच्या घराबाहेर मोठी रांग होती, तासभर लागणार होता. आम्ही एका ओंडक्यावर त्यांना बसवलं. थोड्या वेळानं त्यांनी रेवाला ‘शुभा’ म्हणून हाक मारली आणि कालव्याच्या वितरिकेचं गेट बंद केलं का, असं विचारलं. रेवा खळखळून हसली. मीही हसले. हसतच वळले आणि पाहिलं, तर एवढ्या थंडीत, माकडटोपीच्या खाली, त्यांच्या कपाळावरून घाम ओघळत होता.

साखर उतरली होती. दिवसाचे आठ तास याच विषयावर पोट भरणाऱ्या मला ते कळायला वीस मिनिटं लागली.

मी त्या लाल गालांच्या बाईकडे धावले. काय बोलले आठवत नाही, ‘माय फादर’ आणि ‘शुगर’ एवढं बोलले असेन. तिनं कढईतून गरम पाक कागदी पेल्यात ओतला, वर मूठभर स्वच्छ बर्फ टाकून निववला आणि माझ्या आधी पळत बाबांपाशी पोचली. अर्धा पेला पोटात गेल्यावर दहा-बारा मिनिटांनी बाबांनी आजूबाजूला पाहिलं. मग पेल्यात पाहिलं.

“काहून एवढं गोड देऊन राहिली मला?”

माझ्या जिवात जीव आला, आणि मग राग आला. चौकशी केल्यावर खरा प्रकार उघड झाला. बाबांच्या नागपूरच्या सकाळच्या फिरायला जाणाऱ्या मंडळात सगळे मधुमेही, आणि त्यांचं स्वतःचं एक शास्त्र होतं. लग्नाची पंगत असली, गोड जेवण असलं, की सकाळी अर्धी गोळी वाढवून घ्यायची. म्हणजे गुलाबजाम आणि गोळी यांचं आपापसांत मिटतं. पॅनकेक आणि पाक खायचा म्हणून बाबांनी सकाळी दीड गोळी घेतली होती. आणि पोटात जागा राहावी म्हणून नाश्ता गुपचूप प्लास्टिकच्या पिशवीत भरून कोटाच्या खिशात ठेवला होता. दोन थालीपिठं. ती पिशवी मी बाहेर काढली तेव्हा मिलिंदनं तोंड फिरवून घेतलं. तो हसत होता की रडत होता, देव जाणे.

ती गोळी रेंगाळणारी असते, साखर पुन्हा उतरू शकते, म्हणून संध्याकाळपर्यंत मी त्यांना सोडलं नाही. पॅनकेक खाऊ घातले, थालीपीठ खाऊ घातलं, दर अर्ध्या तासानं बोट टोचलं. बाबा मुकाट्यानं बोट पुढे करत होते. घरी परतताना गाडीत त्यांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, “चुकलं माझं.” माझ्या आठवणीत ते पहिल्यांदाच असं म्हणाले होते. मला ते ऐकवलं नाही.

बुधवारी मी त्यांना लॅबमध्ये घेऊन गेले. खरं सांगायचं तर हेतू शुद्ध नव्हता. वाद घालून जमलं नव्हतं, आता दाखवून जमतंय का पाहायचं होतं. बसनं गेलो. माझी प्रोफेसर हेलन हिनं बाबांशी हात मिळवला, आणि बाबांनी तो दोन्ही हातांत धरून वर नमस्कारही केला. आमच्या लॅबमध्ये हेलनचा एक कडक नियम होता. उंदराच्या स्वादुपिंडातून पेशींचे पुंजके वेगळे काढले की त्या दिवशी त्यांना कामाला लावायचं नाही. उबदार पेटीत रात्रभर ठेवायचे. “लेट देम स्लीप,” असं ती प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला सांगायची. कुणी घाई केली तर त्याचा प्रयोग हमखास फसायचा.

पुंजके खसखशीच्या दाण्याहूनही लहान असतात. बाबांनी चष्मा वर करून ते पाहिले.

“या दाण्यांसाठी किती उंदीर?”

“दोन.”

त्यांनी डिशला हात जोडले. हेलन दारात उभी होती. तिनं ते पाहिलं आणि दिवा मालवला, कारण तो प्रयोग अंधारात करायचा असतो.

पडद्यावर पुंजका दिसू लागला, निळा. कॅल्शियम भेटलं की उजळणारा एक रंग आम्ही पेशींना पाजलेला असतो. मी साखरेचं पाणी सोडलं. काही क्षण काहीच नाही. मग निळ्यातून हिरवा, पिवळा आणि एकदम लाल, सगळा पुंजका एका दमात उजळला. थोडा वेळ तसाच राहिला आणि पुन्हा निळा झाला. आणि पुन्हा लाल. बाबांनी खिशातून घड्याळ काढलं. निवृत्त झाल्यापासून ते मनगटावर बांधत नसत, पण सवय सुटली नव्हती.

“चार मिनिटं,” ते अंधारात म्हणाले. थोड्या वेळानं, “हेही चार.” आणि मग, “अरे, हे तर पाळीनं पाणी सोडून राहिले!”

मला त्यांना काही समजावून सांगावं लागलं नाही, त्यांनीच मला समजावलं. कालव्याचं पाणी पाळीनं द्यायचं असतं. शेतकरी म्हणतो, माझं गेट उघडंच राहू द्या. पाटकऱ्याला दमही देतो. पण सतत पाणी मिळालेली जमीन दोन-चार वर्षांत चोपण होते, वर मीठ फुटतं, मग तिच्यात गवतही उगवत नाही. किती शेतं त्यांनी तशी गेलेली पाहिली होती. सहा वर्षांत माझ्या कुठल्याही परिषदेत मला एवढं सोपं बोलता आलं नव्हतं.

मग मी दुसरी डिश लावली. हे पुंजके दोन दिवस त्याच गोळीच्या पाण्यात होते. पडद्यावरची रेघ उंचावर सपाट. साखर सोडली तरी ढिम्म. बाबा घड्याळ हातात धरून वाट पाहत राहिले, पाळी आलीच नाही. आणि मग त्याच पाण्यात राहिलेले, पण आदल्या दिवशी धुऊन रात्रभर निजवलेले पुंजके लावले. साखर सोडली. आधी निळं, बराच वेळ निळं. मग कडेच्या चार पेशी उजळल्या, आणि पाठोपाठ बाकीच्या. पहिल्याइतका लाल नाही, पण लाल.

“उठले,” बाबा म्हणाले. त्यांचा आवाज बारीक झाला होता. “म्हणजे मेले नव्हते. थकले होते.”

“हो.”

“इन्शुलिन बाहेरून दिलं तर माझेही असेच झोपतील? आणि उठतील?”

मी “हो, बाबा” म्हणाले.

तिथे चौथी डिशसुद्धा होती. उबदार पेटीत, मागच्या फळीवर. तिच्यातले पुंजके गोळीच्या पाण्यात आठवडाभर राहिले होते आणि निजवूनही त्यातले बरेच उठले नव्हते. मेलेली पेशी दाखवणारा रंग टाकला की ते ठिपक्याठिपक्यांनी भरून जायचे. ती डिश मी बाबांना दाखवली नाही. उंदराच्या पेशींचा आठवडा कुठे आणि माणसाची अठरा वर्षं कुठे, हेही सांगितलं नाही. ‘कदाचित’ आणि ‘असं दिसतं’ असे शब्द घातल्याशिवाय मी कधी एक ओळ छापली नव्हती, पण त्या अंधाऱ्या खोलीत माझ्या बापाला मी नुसतं ‘हो’ म्हणाले. बसमध्ये परतताना बाबा खुशीत होते. सोमवारपासून घेतो, म्हणाले. सोमवार शंकराचा. मला आनंद व्हायला हवा होता. मला सारखी ती तपकिरी बाटली दिसत होती, नसलेली साखर आहे म्हणून सांगणारी. मीही तेच केलं होतं की.

आता ती लॅब नाही. हेलन निवृत्त झाली, अनुदान संपलं, मी विद्यार्थ्यांना शिकवते. रेवा तेरा वर्षांची झाली आहे आणि आजोबांशी स्काइपवर इंग्रजीत बोलते, ते तिला नागपुरीत उत्तर देतात आणि दोघांचं छान चालतं. बाबा चौऱ्याहत्तरचे झाले. रोज सकाळी इन्शुलिन घेतात, मग फिरायला जातात, आणि मंडळात अर्ध्या गोळीच्या शास्त्राविरुद्ध भाषण देतात. करंगळी शाबूत आहे. त्यांच्या पेशी उठल्या की नाही, हे कुणी मोजलेलं नाही. मोजायचं ठरवलं तर मोजता येईल, पण मीच कधी तो विषय काढलेला नाही. माझ्यासारख्या बाईला हे शोभत नाही, मला कळतं. लॅबमध्ये मी उत्तराशिवाय एक दिवस काढू शकत नसे. या एका प्रश्नाबरोबर मात्र मी सहा वर्षं सुखानं राहिले आहे, आणि दर मार्चमध्ये मला जो आठवतो तो रानातला शनिवार नसतो, तो अंधारातला बुधवारही नसतो. तो सोमवार असतो.

सोमवारी सकाळी बाबा आंघोळ करून, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून स्वयंपाकघरात आले. कामावर निघाल्यासारखे. खुर्चीत बसले, शर्टाची खालची दोन बटणं काढली. बाहेर छपरावरचा बर्फ वितळून पन्हळीतून धो धो वाहत होता. मी फ्रिजमधून आदल्या रात्रीच बाहेर काढून ठेवलेलं पेन हातात घेतलं, नवी सुई लावली, आकडा फिरवला. उंदरांना मी शेकडो वेळा सुई टोचली आहे, डोळे मिटूनही टोचेन. त्या दिवशी मी पेन हातात धरून तशीच उभी राहिले.

“काय झालं?” बाबा म्हणाले.

मी खाली बसले, त्यांच्या गुडघ्यापाशी. आणि सगळं सांगून टाकलं. चौथी डिश होती हे सांगितलं. ती मी लपवली हे सांगितलं. ते उंदराचं होतं; माणसाचं, तेही अठरा वर्षांनंतर, काय होतं ते मला नक्की ठाऊक नाही. साखर उतरेल, करंगळी वाचण्याची शक्यता वाढेल, एवढं ठामपणे सांगते. पेशी उठतील की नाही, मला माहीत नाही. बोलता बोलता मला दिसत होतं, की आता हे बटणं लावतील, उठतील, गॅलरीत जातील, आणि ते पेन पुन्हा अंड्यांच्या शेजारी जाऊन बसेल. ती करंगळी माझ्या डोळ्यांसमोरच होती, पांढऱ्या पट्टीत. तरी मी थांबले नाही.

बाबांनी करंगळीच्या पट्टीकडे पाहिलं.

“दादाच्या डॉक्टरनं नक्की सांगितलं होतं,” ते म्हणाले. “नागपूरच्या माझ्या दोन्ही डॉक्टरांनी नक्की सांगितलं. त्या दिवशी तूही नक्की सांगितलं, तं मला जरा भीतीच वाटली होती. ‘माहीत नाही’ म्हणणारी तू पहिली.” त्यांनी बनियन वर केलं. “टोच आता.”

त्यांनी माझ्या हातावर आपला हात ठेवला, आणि सुई गेली. पेनाची सुई टोचली की लगेच काढायची नसते, दहा अंक मोजायचे असतात, म्हणजे औषध पूर्ण आत उतरतं. तसं मी सांगितलं. आम्ही दोघं मोजू लागलो. एक, दोन, तीन. सहापर्यंत आमचे आवाज बरोबर होते. सातला मी अडखळले. आठ, नऊ, दहा बाबांनी एकट्यानं मोजले, आणि दहा झाल्यावरही माझ्या हातावरचा हात त्यांनी काढला नाही.